चार हजार कमी पगारावर माणूस नाशिकला का गेला?

सुजाता_घणसोली

मंडळी, बरेच दिवस मनात घोळणारा विषय मांडते. लांब होईल, पण शेवटपर्यंत वाचा आणि आपापला अनुभव लिहा.

मी रबाळे एमआयडीसीत एका लहान कारखान्यात हिशेब पाहते. मशीनिंगचं काम, पन्नासेक माणसं. हजेरी, पगार, पीएफ सगळं माझ्या टेबलावरून जातं. त्यामुळे कोण टिकतंय आणि कोण निघालंय हे मालकांच्या आधी मला कळतं. गेल्या दिवाळीपासून सात जण गेले. शेजारच्या कंपनीत गेले असते तर नवल नव्हतं. हे शहरच सोडून गेले. दोघे चाकणला, एक कोल्हापूरला गोकुळ शिरगावात, एक वाळूजला, दोघे आपापल्या गावी. आणि सातवा नाशिकला अंबडमध्ये. त्याच्यासाठीच हा धागा.

जिंतूरकडचा मुलगा. सहा वर्षं आमच्याकडे सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर होता. हात इतका बसलेला की अवघड जॉब आला की सुपरवायझर त्यालाच हाक मारायचे. इथे हातात २३ हजार पडत होते, नाशिकला १९ हजार. मालकांनी दीड हजार वाढवून देतो म्हटलं, तरी थांबला नाही. राजीनामा द्यायला आला तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, अरे, लोक जास्त पगारासाठी जातात, तू कमी घेऊन चाललास? त्याने माझ्याच टेबलावरचं एक पाठकोरं चलन ओढलं आणि पेन मागितलं.

"ताई, बघा." घणसोली गावठाणात वन आरके, भाडं ९,५००. लाइट सबमीटरवर, युनिटला बारा रुपये, ११०० च्या घरात. मोठ्या मुलीची फी १,८००, तिची व्हॅन ९००. किराणा, दूध, भाजी, गॅस मिळून ७,५००. रिचार्ज, औषधपाणी, किरकोळ १,०००. बेरीज २१,८००. उरले बाराशे. त्याखाली रेघ मारून त्याने नाशिकचं लिहिलं. दोन खोल्या ५,०००. स्वतःचं मीटर, लाइट ५००. शाळा चालत जाण्याच्या अंतरावर, फी १,०००, व्हॅन नाही. किराणा ६,५००, किरकोळ तेच १,०००. बेरीज १४,०००. उरले पाच हजार.

शिवाय इथे घरमालकाकडे ५० हजार डिपॉझिट अडकलेलं, तिकडे दहा. उरलेल्या चाळीसमध्ये जुनी मोटरसायकल घेणार होता, कामावर जायला. तो कागद मी ठेवून घेतलाय.

घरी येऊन मी आईच्या वह्या काढल्या. माझे वडील माथाडी. पाटण तालुक्यातून आले, आधी मस्जिद बंदरला पाठीवर गोणी वाहिल्या, मग बाजार तुर्भ्याला आला तसे तेही खाडी ओलांडून आले. पुढे कोपरखैरण्यात माथाडींसाठीच्या घरांत आम्हाला घर मिळालं. आई शंभर पानी वहीत महिन्याचा हिशेब लिहायची, अजून लिहिते. १९९१ ची वही उघडली. प्रत्येक महिन्याची पहिली ओळ एकच, "गावी पाठवले". कधी दोनशे, कधी अडीचशे, श्रावणात तीनशे. त्याच्यानंतर रेशन, रॉकेल, फी. उरलेल्यात आमचं भागायचं, पण गावचा आकडा आधी लिहिला जायचा.

त्या मुलाच्या कागदावर पहिली ओळ भाडं होती. गाव ओळीतच नव्हतं.

तेव्हापासून मला असं वाटायला लागलंय की माणूस येतो पगार बघून, पण राहतो तो शिल्लक बघून. भाडं पहिल्या ओळीवर चढलं की माणूस हलायला लागतो. तुमच्याकडे असे हिशेब असतील तर इथे मांडा. "मुंबई फार महाग झाली" एवढंच लिहू नका, आकडे लिहा.


जुना_गिरणगावकर

सुजाता, तुझ्या आईच्या वहीतली ती पहिली ओळ वाचून डोळ्यांत पाणी आलं. आमच्याकडे वही नव्हती, मनीऑर्डरच्या पावत्या होत्या. तारेला टोचून ठेवायचो.

मी संगमेश्वरकडचा. लालबागला गाववाल्यांच्या खोलीत उतरलो तेव्हा एका खोलीत आम्ही बावीस जण होतो. ऐकून खोटं वाटेल, पण तीन पाळ्या असल्यामुळे बावीस जण एका वेळी कधीच आत नसायचे. पहिल्या पाळीचा उठला की त्याच्या वळकटीवर तिसऱ्या पाळीचा आडवा व्हायचा. ट्रंका भिंतीला, कपडे दोरीवर. भाडं माणशी वाटून इतकं थोडं यायचं की ते कोणी खर्चात धरायचंच नाही. जेवण खानावळीत, महिन्याने पैसे. खानावळ चालवणाऱ्या बायकाही आपल्याच भागातल्या. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांसाठी.

आज मागे वळून बघतो तेव्हा कळतं, ती स्वस्त खोली हाच आमचा अर्धा पगार होता. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने चाळीची भाडी गोठली होती. त्याने इमारतींचे हाल झाले हे खरं आहे, मालक डागडुजी करेना. पण गिरणीचा तुटपुंजा पगार गावापर्यंत पोचला तो त्या भाड्यामुळे. कोकणातली कितीतरी कौलं त्या पैशावर चढली.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. मी त्यानंतर वागळे इस्टेटमध्ये लागलो. ठाण्याची ही वसाहत एमआयडीसीची पहिली, १९६२ ची. लालबागची खोली भावाला ठेवली आणि कळव्यात बिऱ्हाड केलं. मला कोणी हाकललं नाही. मुलं मोठी झाली, दहा बाय बारात मावेनात, आणि शेजारी दुसरी खोली घ्यायची तर आम्हाला सात जन्म लागले असते. तेव्हा कळव्यात जे परवडलं ते आज माझ्या मुलाला परवडत नाही. तो बदलापूरला. लालबाग, कळवा, बदलापूर. दोन पिढ्या एकाच रेल्वे मार्गाने बाहेर सरकतोय. याला स्थलांतर म्हणायचं की नाही?


विद्या_ठाणे

काका, म्हणायचंच. मी ठाण्यात महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. स्थलांतर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे परराज्यातून आलेली गाडी येते. पण २०११ च्या जनगणनेत जे ४५ कोटींहून अधिक स्थलांतरित मोजले गेले, त्यांतले बहुतेक आपल्याच राज्यात, मोठा भाग तर आपल्याच जिल्ह्यात हललेला होता. त्यात लग्न होऊन सासरी गेलेल्या बायकांची संख्या प्रचंड, म्हणून हा आकडा जपून वापरावा लागतो.

तुम्ही सांगितलेला लालबाग ते कळवा प्रवास जनगणनेत स्वच्छ दिसतो. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ ला ३३.३८ लाख होती, २०११ ला ३०.८५ लाख झाली. देशाच्या आर्थिक राजधानीच्या गाभ्यातली माणसं दहा वर्षांत अडीच लाखांनी कमी झाली. त्याच काळात ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला, तेव्हा देशातला सर्वांत मोठा जिल्हा. पुढे १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला. आणि रत्नागिरी? १६.९७ लाखांवरून १६.१५ लाख. सिंधुदुर्गही घटला. म्हणजे कोकण रिकामं होत होतं आणि ज्या मुंबईकडे कोकण जायचं तिचा गाभाही रिकामा होत होता. दोघांची भर आपल्या खाडीच्या अल्याडपल्याड.

सुजाता, तुझ्या ऑपरेटरने चलनाच्या पाठीवर जे केलं ते आपली सरकारी आकडेवारी करत नाही, ही माझी वर्षानुवर्षांची तळमळ आहे. महागाईचा जो निर्देशांक दर महिन्याला बातम्यांत येतो तो भाव किती वाढले ते सांगतो. ठाण्यात राहणं जिंतूरपेक्षा किती महाग, हे तो सांगतच नाही. दोन्हीकडे पाच टक्के वाढ झाली तर दोन्ही आकडे सारखे दिसतील, जरी इथलं भाडं दुप्पट असलं तरी. शिवाय २०१२ आधारवर्षाच्या मालिकेत शहरी निर्देशांकात घराला २१.६७ टक्के वजन होतं आणि ग्रामीण निर्देशांकात घरभाडं धरलेलंच नव्हतं. तुझ्या ऑपरेटरच्या कागदावर भाड्याचा वाटा काढ. २३ हजारांतले साडेनऊ म्हणजे ४१ टक्के. त्याची महागाई आणि बातमीतली महागाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सरकारला हा फरक कळत नाही असंही नाही. केंद्राच्या कर्मचाऱ्यांच्या घरभाडे भत्त्यासाठी शहरांचे एक्स, वाय, झेड असे वर्ग आहेत. आपल्या राज्यात मुंबई आणि पुणे एक्समध्ये, नाशिक वायमध्ये. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यापासून हा भत्ता मूळ पगाराच्या ३०, २० आणि १० टक्के. म्हणजे सरकारी नोकर मुंबईहून नाशिकला बदलून गेला तर त्याचा भत्ता आपोआप शहराप्रमाणे ठरतो. सीएनसीवरच्या मुलाला हा हिशेब एकट्याने करावा लागतो, आणि चुकला तर भरपाई नाही.


गोठिवलीकर

सगळ्यांचं वाचलं. मी घणसोलीच्या शेजारच्या गावचा, आगरी. माझ्या दोन मजल्यांवर सहा खोल्या भाड्याने आहेत. म्हणजे तुमच्या कागदावरची पहिली ओळ माझ्यासारख्याच्या खिशात येते. म्हणून लिहिणं भाग आहे.

१९७० मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको आली. ठाणे आणि रायगडमधल्या पंचाण्णव गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं. आमच्या आजोबांची भातशेती होती, मिठागरावर काम होतं, खाडीत मासळी होती. जमिनीचा जो मोबदला मिळाला तो सांगायला लाज वाटते. १९८४ च्या जानेवारीत जासईला दि. बा. पाटलांच्या मागे लोक उभे राहिले, गोळीबार झाला, पाच जणांनी जीव दिला. त्यानंतर कुठे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं धोरण आलं. ती मिळायलाही पिढी गेली. घरं वाढली, भाऊ वाढले, गावठाण तेवढंच. मग आम्ही वर चढलो. एक मजला, दुसरा मजला.

आमची शेती गेली, आता खोल्या हीच शेती. माझा मुलगा इथल्याच आयटी पार्कमध्ये सिक्युरिटीला आहे, त्याच्या पगारात सहा माणसांचं घर चालत नाही. सुजाताताई, तुमच्या ऑपरेटरला बारा रुपये युनिट लावणाऱ्याचं मी समर्थन करत नाही, मी दहा लावतो आणि सामाईक दिवा, मोटर त्यातच धरतो. पण एक लक्षात घ्या. ह्या गावठाणाच्या खोल्या नसत्या तर तुमच्या एमआयडीसीतल्या कामगाराने राहायचं कुठे? सेक्टरमध्ये वन बीएचके वीसच्या खाली नाही. शहराच्या आराखड्यात पंधरा-वीस हजार पगाराच्या माणसाचं भाड्याचं घर कुठे होतं? ती जागा आम्ही भरली, बिनपरवाना म्हणून शिव्या खाऊन भरली.

आणि माझ्या खोल्याही रिकाम्या पडायला लागल्यात, हेही सांगतो. आधी कुटुंबं यायची. आता चार-चार पोरं मिळून खोली घेतात. कुटुंब मागे ठेवून येतात.


सुजाता_घणसोली

दादा, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. आमच्या पगारपत्रकातही हेच दिसतं. नवीन येणाऱ्यांच्या फॉर्मवर कायमचा पत्ता आणि सध्याचा पत्ता असे दोन रकाने असतात. पूर्वी दोन्हीकडे कुटुंब एकच असायचं. आता बायको-मुलांचा पत्ता कायमच्या रकान्यात आणि सध्याच्या रकान्यात तीन नव्या पोरांचा एकच खोली क्रमांक. काका म्हणतात ती गाववाल्यांची खोली परत आलीय, फक्त भाडं लालबागचं नाही.


रात्रपाळी

मी नर्स आहे, ठाण्यात एका खासगी रुग्णालयात. मूळ गाव नांदेड जिल्ह्यात. राहते दिव्याला.

दिवा का, तर तिथे वन बीएचके ७,००० ला मिळालं. ठाणे स्टेशनच्या अलीकडे-पलीकडे त्याला वीस-बावीस पडतात. पण भाड्यातले वाचलेले तेरा हजार कुठून येतात ते सांगते. दिवसपाळी असली की पहाटे पाचला उठते, कारण पाणी तेव्हाच येतं, तेही एक दिवसाआड. न आलं तर टँकरचं वर्गणीत. सहा-साडेसहाला फलाटावर. वरून येणारी गाडी आधीच भरलेली असते. पहिली सोडायची, दुसरी सोडायची, तिसरीला दारात हात मिळाला तर जायचं. ओढणी आधी कमरेला घट्ट बांधते, पर्स पोटाशी घेते, डबा पिशवीतून काढून पर्समध्ये कोंबते. पिशवी लोंबती राहिली की बाहेरच्या बाजूला ओढ बसते. हे मला कोणी शिकवलं नाही, पहिल्या आठवड्यात शिकले.

९ जून २०२५ ला दिवा-मुंब्र्याच्या मध्ये वळणावर दारातली माणसं खाली पडली आणि जीव गेले. त्या दिवशी मी रात्रपाळी करून परतत होते, उलट्या दिशेने. त्यानंतर महिनाभर आईने रोज दोनदा फोन केला, पोचलीस का म्हणून.

इमारतीचीही धास्ती आहे. आमच्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र नाही, हे भाड्याने घेताना एजंटाने सांगितलं नव्हतं. ४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याला जी इमारत कोसळली, सत्तरहून जास्त माणसं गेली, ती इथून काही फार लांब नाही. तीत राहणारेही असेच स्वस्त घर मिळालं म्हणून आलेले होते.

विद्याताई, तुमच्या निर्देशांकात झोप धरतात का हो? मी दिवसाला चार तास प्रवासात घालवते. तरीही गावी दरमहा आठ हजार पाठवते, भावाचं बी.एस्सी. त्यावर चाललंय. म्हणून दिवा सोडत नाही. माझ्या हिशेबात पहिली ओळ अजून गावाचीच आहे, आणि ती तशी राहावी म्हणून बाकी सगळं सोसते.


विद्या_ठाणे

झोप धरत नाहीत. तुझं वाचून बराच वेळ काही लिहावंसं वाटलं नाही.

एवढंच जोडते की स्वस्त रेल्वे पास नसता तर ही वस्ती कर्जत-कसाऱ्यापर्यंत पसरलीच नसती. काही शे रुपयांत महिनाभर हवं तितकं फिरता येतं. घर लांब ढकललं गेलं तरी नोकरी सुटत नाही. पण पैशात वाचतं ते सगळं वेळेत आणि शरीरात वसूल होतं.


परत_कोल्हापूर

ऐरोलीला आठ वर्षं होतो, आयटीत. २०२० मध्ये घरून काम सुरू झालं तेव्हा घणसोलीचा २४ हजारांचा फ्लॅट सोडून कोल्हापूरला आई-वडिलांकडे गेलो. पगार ठाण्याचा, खर्च कोल्हापूरचा. आयुष्यात पहिल्यांदा बँकेत पैसे दिसले. त्या दोन वर्षांत गावात माझ्यासारखे इतके परतले की आमच्या कॉलनीतली भाडी वाढली. शेजारच्या शिक्षिकाबाई भाड्याने राहायच्या, त्यांना घर बदलावं लागलं. आपण महाग शहरातून पगार घेऊन स्वस्त गावात जातो तेव्हा महागाईही थोडी सोबत नेतो, हे मला त्यांच्याकडून कळलं.

आता ऑफिसने आठवड्याला तीन दिवस बोलावलंय. ऐरोलीत पीजीमध्ये खाट घेतलीय, नऊ हजार. बायको-मुलगी कोल्हापूरलाच. दोन चुली झाल्या. गोठिवलीकर म्हणाले ते चार पोरांच्या खोलीचं, आमच्यातही तेच चाललंय, फक्त आमच्या खाटेला एसी आहे.


राजापूरची

मी इकडे, दुसऱ्या टोकाला आहे. ज्या गावाला तुम्ही पैसे पाठवता त्या गावातून लिहितेय.

आमच्या वाडीत बावीस घरं. नऊ कायम बंद, गणपतीत उघडतात. बाकीच्यांत बायका आणि म्हातारी माणसं. रत्नागिरी जिल्ह्यात २०११ ला हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. लोक याचं कौतुक करतात, मुली जगवतात म्हणे. अहो, पुरुष ठाण्याला, विरारला, नालासोपाऱ्याला आहेत. मुंबई शहरात हाच आकडा ८३२ होता. तिकडचे कमी आणि इकडचे जास्त हे एकाच घराचे दोन तुकडे आहेत.

माझे दीर कळव्याला राहतात. दहा वर्षांपूर्वी महिन्याला तीन हजार यायचे, आता कधी दोन, कधी नाही. मी त्यांना बोल लावत नाही. पण तिकडच्या माणसांना वाटतं की गावी काय लागतं, घर स्वतःचं, तांदूळ शेतातला. माकडं आणि रानडुकरं काय ठेवतात ते शेतात, ते बघायला या. गॅस तोच, रिचार्ज तोच, तेल-साखर तुमच्याहून दोन रुपये महाग, कारण टेम्पोने येते. सासूबाईंना सोनोग्राफीला रत्नागिरीला न्यायचं तर गाडीचेच अडीच हजार. मुलगी बारावीनंतर रत्नागिरीला शिकते, तिच्या खोलीचं भाडं वेगळं. गाव स्वस्त आहे ते निरोगी, तरुण आणि शिकून झालेल्या माणसाला. आणि तो तर इथे नसतोच.

सुजाताताई, तुमच्या आईची "गावी पाठवले" ही ओळ जिच्याकडे पोचायची, तीही कुठेतरी वही लिहीत असेल.


भिवंडीकर

यंत्रमागावर आमच्याकडे उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातली माणसं. कुटुंब क्वचितच आणतात. जेवण भिसीत, म्हणजे महिन्याच्या बोलीवरच्या खानावळीत. झोपायला कारखान्याच्या वरची खोली, पाळीपाळीने. सुरतेला ओडिशाच्या गंजामच्या कामगारांचंही असंच ऐकून आहे.

२०२० च्या टाळेबंदीत हे लोक नाशिक महामार्गाने चालत निघाले तेव्हा सगळे म्हणत होते, उपाशी मरतील म्हणून निघाले. आमच्या गल्लीत जेवण देणारे बरेच होते. माणसं निघाली ती खोलीच्या भाड्यासाठी. काम बंद, भाडं चालू. राज्य सरकारने एप्रिलमध्ये घरमालकांना तीन महिने भाडं पुढे ढकला असं सांगितलं, पण कागद नसलेल्या खोलीला ते कोण लागू करणार? भाडेकराराची नोंदणी ही १९९९ च्या कायद्याप्रमाणे मालकाची जबाबदारी आहे. आमच्या गल्लीत असा करार एकाकडेही नव्हता.


लोकमान्यनगर_१२

मी आईच्या वतीने लिहिते, ती घोडबंदर रोडला चार घरी स्वयंपाक करते.

वरचं सगळं पटतं, पण आमच्या घरात शिल्लक कधीच नव्हती आणि तरी आम्ही हललो नाही. बाबा गेले तेव्हा मी सात वर्षांची होते. बीड जिल्ह्यातल्या गावी चुलत्यांनी सांगितलं, परत या, दोन खोल्या आहेत. आई म्हणाली, दोन खोल्या आहेत पण काम काय? ऊसतोडीला कोयता घेऊन जायचं, तेही जोडी लागते. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्या बाईला मुकादम उचल देत नाही. इथे चार घरचे मिळून १६ हजार होतात, सहा भाड्याला जातात, महिनाअखेरीला हातात काही उरत नाही. पण मी बी.कॉम. झाले. संध्याकाळी आठला क्लासहून एकटी चालत घरी यायचे आणि कोणी विचारत नव्हतं कुठून आलीस. गावी हे झालं नसतं.

म्हणून शिल्लक फक्त रुपयांत मोजू नका एवढीच विनंती. पुरुष माणूस नाशिकला गेला तर त्याचा हिशेब एक. त्याच्याबरोबर गेलेल्या बाईचा हिशेब कोणी मांडला का?


सुजाता_घणसोली

हा शेवटचा प्रतिसाद वाचला आणि मी गप्प झाले. का ते सांगते.

परवा त्या ऑपरेटरच्या पीएफच्या कागदासाठी फोन केला. उचलला त्याच्या बायकोने. मी सहज विचारलं, काय गं, बरं आहे ना तिकडे? म्हणाली, बरं आहे, घर मोठं आहे, मुलीची शाळा जवळ आहे, जिंतूरला सासऱ्यांना तीन हजार पाठवले. मग जरा थांबून म्हणाली, "ताई, यांनी तुमच्याकडे हिशेब लिहून दाखवला होता ना? त्यात माझे पैसे धरलेच नव्हते."

घणसोलीच्या त्या वन आरकेत ती पिको-फॉल आणि ब्लाउज शिवायची. शेजारच्या सेक्टरमधल्या बायका साड्या आणून द्यायच्या. महिन्याला अडीच ते तीन हजार. मशीन खिडकीला लावलेली, कारण दिवसा लाइट जाळायचा नाही, बारा रुपये युनिट. सहा वर्षांत गिऱ्हाईक बांधलं होतं, लग्नसराईत तर पाच हजारही झाले होते. त्यातूनच मुलीची फी जायची. हे तिच्या नवऱ्याच्या कागदावर नव्हतं, आणि रोज पगारपत्रक करणाऱ्या माझ्याही डोक्यात आलं नाही. नाशिकला मशीन नेलंय, पण कोणी ओळखत नाही. दीड महिन्यात चार ब्लाउज.

मी तो कागद परत काढला आणि इथल्या बाजूला तिचे अडीच हजार जोडले. बाराशेचे सदतीसशे झाले. तिकडे पाच हजार. म्हणजे चार हजारांच्या जवळपास दिसणारा फरक तेराशेवर आला. तिचं काम तिकडे बसलं तर तो परत वाढेल. नाही बसलं, तर पुढच्या वर्षी ही माणसं कुठे असतील मला सांगता येणार नाही.

विद्याताईंचे आकडे, काकांची खोली, दादांची शेती, सगळं मी लिहून घेतलंय. राजापूरच्या ताई, आईला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. तिने विचारलं, त्या वाडीचं नाव काय? आणि मग सांगितलं की पाटणला आजी खरंच लिहायची, कॅलेंडरच्या मागच्या बाजूला, कोळशाने.

आता एक काम. इथे कोणी अंबड किंवा सिडको-नाशिक भागातले असतील तर सांगा. साडी-ब्लाउजचं दुकान, ज्यांना घरी शिवून देणारी बाई हवी असेल, असं कोणी ओळखीचं आहे का? काम स्वच्छ आहे, मी स्वतः तिच्याकडून तीन ब्लाउज शिवून घेतलेत.


त्रिमूर्ती_चौक

सिडकोतच राहतो, नाशिकच्या. आमच्या वहिनींचं मॅचिंग सेंटर आहे, गेल्या आठवड्यापासून त्या फॉल-पिकोसाठी कोणी बघतायत. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, नंबर पाठवा. मशीन पायाचं आहे की मोटरचं तेही विचारून ठेवा.